चाळीस डॉलरची भाडेवाढ

...आणि वर बायको मलाच म्हणते, तोंड शिवून बसता येत नव्हतं का तुम्हाला! अहो, माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा. फ्रेस्नोत अकरा वर्षं एकाच घराच्या माडीवर राहतोय, करार कधीच संपला, महिन्या-महिन्याच्या बोलीवर चाललंय, भाडं हजार डॉलर, पेन्शनीत कसंबसं बसतं! खाली घरमालकीण बर्निसबाई, वय अठ्ठ्याहत्तर. तर एका सकाळी या बाई कचऱ्याच्या डब्यापाशी मला गाठतात नि म्हणतात, "लीलँड, एक तारखेपासून चाळीस वाढवते हं, छपराचं काम निघालंय." डब्यापाशी! हातात माझ्या सालपटांची पिशवी! म्हटलं, "बाई, तोंडी चालत नाही. लेखी द्या!"

दिलं हो! चर्चच्या पत्रकाच्या पाठीवर, पेन्सिलीनं... 'लीलँड, चाळीस जास्त. पीचचा केक ठेवलाय.' ही काय नोटीस झाली? तारीख नाही, सही नाही! केक खाल्ला, चांगला होता, खोटं कशाला बोलू, आणि म्हटलं, "तीस दिवस आधी, तारीख घालून, नीट लेखी द्या!"

तर बाईंनी टपालानं पाठवली! त्यांची पेटी नि माझी पेटी एकाच खांबाला, मध्ये वीतभर जागा, आणि पत्र गावभर हिंडून चार दिवसांनी आलं. मी कसला खूश! "टपालाचे पाच दिवस जास्त धरायचे असतात, बाई. पस्तीस! परत लेखी द्या!" बायको म्हणाली, "चाळीसच तर मागतेय बिचारी, देऊन टाका." तुम्हाला सांगतो, तेव्हा ऐकायला हवं होतं...

बाई रडकुंडीला आल्या. "मला मेलीला काही कळत नाही रे, आहे तरी काय तो कायदा?" झालं! माझी जीभ सुटली. जिन्यात उभा राहून, हात उडवत, "दहा टक्क्यांपर्यंत तीस दिवसांची नोटीस, त्याच्या वर गेलात तर नव्वद!"

बाईंनी डोळे पुसले.

"दहा टक्के? म्हणजे... शंभर? तीसच दिवसांत? अगं बाई, आणि मी चाळीस मागायला घाबरत होते!"

दुसऱ्याच दिवशी बाईंनी वाचनालयातून शंभराच्या वाढीची नोटीस टाइप करून आणली. तारीख आहे, सही आहे, एकतीस दिवस आहेत, आणि टपाल नाही, थेट माझ्या हातात! "एकदा नजर टाक रे लीलँड, काही राहिलंय का?" काय राहणार, कपाळ? सगळं मीच शिकवलेलं!

आता दर रविवारी प्रार्थना झाली की गल्लीतले घरमालक बर्निसबाईंच्या ओट्यावर जमतात. बाई एकेकाला नोटीस लिहून देतात आणि कौतुकानं सांगतात, "हे सगळं मला आमच्या लीलँडनं शिकवलं हो!"

गल्लीतला एक भाडेकरू आता माझ्याशी बोलेल तर शपथ. घरमालक मात्र झाडून सगळे, टोपी काढून नमस्कार करतात!