चालवणारा तो

माझं नाव दिगंबर राऊळ, दत्ताचं नाव, आणि ते का ठेवलं ते आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल तुम्हाला. आमचा बाप लालबागच्या मिलमध्ये कामाला, सूतखात्यात, गाव मालवणाकडचं. मिलच्या गेटाला आतल्या बाजूला औदुंबराखाली दत्ताचं देऊळ होतं, एवढंसं, कामगारांनीच बांधलेलं. बाप पाळीला जाताना चप्पल काढून हात जोडायचा मग आत, सुटून बाहेर पडताना परत हात जोडायचा. मी झालो तो गुरुवार, म्हणून दिगंबर. आई आम्हाला शाळेत सोडायची तेव्हा त्याच गेटावरून न्यायची आणि बोलायची, बाबा रे, दत्ताक हात जोडल्याबिगर फुडे जाव नको. मिल बंद पडली, बाप घरात बसून बसून गेला, मिल पाडली, चिमणी पाडली, तिथं टॉवर आला काचेचा. पण देऊळ नाय पाडलं. बिल्डरची पण फाटते देवाला. फक्त पूर्वी ते गेटाच्या आत होतं ते आता बाहेर आलं, फूटपाथला.

आणि नशीब बघा, मी त्याच टॉवरमधल्या साहेबांचा ड्रायव्हर. बाप जिथं सूत काढायचा त्याच्या खाली तळघरात माझी गाडी उभी. वीस-बावीस वर्षं गाडी चालवतोय मी मुंबईत, टॅक्सी चालवली, टेम्पो चालवला, मग साहेबांकडे लागलो. मिरर फुटला नाय कधी माझ्या हातून. आणि गेटातून बाहेर पडलं की देऊळ डाव्या हाताला, तिथं मी स्टेअरिंग सोडून दोन्ही हात जोडणार. सगळे जोडतात हो, बसवाला जोडतो, टॅक्सीवाला जोडतो, तुम्ही कधी बघितलं नाय काय? एक सेकंदाचं काम. बेस्टपैकी जोडतो आणि परत धरतो.

देवळाजवळ फुलं विकायला पारूमावशी बसायची. तिचा नवरा आमच्या बापाच्याच खात्यात, म्हणजे ओळख जुनी, मला एकेरीतच हाक मारते, शिव्या पण एकेरीत. दर गुरुवारी मावशीकडून गाडीला हार. जुनी गाडी पेट्रोलची होती, तिला पुढं जाळी, मावशी उभ्या उभ्या जाळीत हार अडकवायची, झालं काम. मग साहेबांनी ही विजेची घेतली. बाहेरची गाडी, काय तिची किंमत आणि काय तिचा थाट. आणि तिला जाळीच नाय! नुसतं गुळगुळीत, अंड्यासारखं. मावशी पहिल्या गुरुवारी हार घेऊन पुढं आली, बघते तर बांधायला जागाच नाय. बोलली, मेल्या, ह्या गाडीला तोंडच नाय, हार घालू कुठं, तुझ्या गळ्यात? मग तिनं काय केलं, खाली वाकली आणि नंबरप्लेटच्या खिळ्याला दोरा बांधला. तेव्हापासून तसंच. गुडघे दुखायचे तिचे, शिव्या घालत वाकायची, पण बांधायची. मी गाडी पार्कमध्ये टाकून थांबायचो. विजेच्या गाडीला आवाज नसतो ना, चालू की बंद ते बाहेरच्याला कळत नाय, म्हणून मी काच खाली करून ओरडायचो, बांध गं मावशी, बंद हाय.

साहेबांची मुलगी, तिला आम्ही बेबी बोलतो, बेबी चांगली बावीस वर्षांची घोडी. तिनं मागं बसून माझा व्हिडिओ काढला. गाडी पुढच्या गाडीच्या मागं आपोआप चालते, थांबते, पट्ट्यामध्ये राहते, असलं सगळं तिच्यात. मी देवळापाशी हात जोडले तर बेबी विचारते, काका, हात सोडलेत, गाडी कोण चालवतंय? आता आपण काय बोलणार? मी वर बोट केलं आणि बोललो, आपण कोण चालवणारे बेबी, चालवणारा तो. आपल्यात बोलायची पद्धत आहे ती! बाप पण बोलायचा, घर कसं चालतंय विचारलं की, चालवणारा तो. तेवढंच. बेबीनं टाकलं ते मोबाईलवर आणि मी झालो फेमस. लाखो लोकांनी बघितलं बोलतात. लोक रस्त्यात हाक मारायला लागले, ओ चालवणारा तो! आमच्या मंडळानं शाल-श्रीफळ दिलं, चाळीत फोटो लागला, आमची मिसेस सुलभा तीन-तीन वेळा सगळ्यांना दाखवायची. मी पण फुगलो, खोटं कशाला बोलू, कोणाला नाय आवडणार?

मग तो गुरुवार आला. साहेब त्या दिवशी पुढं माझ्या बाजूला बसलेले, हातात मोबाईल, त्यांच्या मित्रांना गाडी कशी आपोआप थांबते आणि आपोआप निघते ते व्हिडिओ काढून दाखवायचं होतं. गेटातून निघालो तर पुढं ट्रॅफिक, पुढची टॅक्सी उभी, आम्ही उभे. मी ब्रेकवर. साहेब बोलले, दिगंबर, सारखा काय ब्रेक मारतोस, गाडीला मारू दे ना, त्याचेच पैसे दिलेत. आणि हात घालून स्टेअरिंगवरचं बटण दाबलं. पाय काढ बोलले. काढला. काय करणार, नोकर माणूस. पण हात माझे स्टेअरिंगवर होते, दोन्ही. त्या दिवशी हात जोडलेच नव्हते मी, साहेब बाजूला बसले म्हणून जोडले नव्हते! तेवढ्यात मावशी हार घेऊन पुढं आली, मला बघून हसली आणि गाडी बंदच समजून नेहमीसारखी खाली वाकली. मी बोललो, साहेब, मावशी. साहेब मोबाईलमध्ये बघतायत. पुढची टॅक्सी हलली. आणि ह्या गाडीला वाकलेली बाई दिसली नाय, तिला फक्त टॅक्सी गेलेली दिसली, रस्ता मोकळा दिसला. आवाज नाय, काय नाय, निघाली. मी मावशी ओरडलो आणि ब्रेक दाबला, सगळं अंग घालून दाबला, पण हातभर जायला किती वेळ लागतो? मावशीचा उजवा पाय चाकाखाली. ती ओरडली ते अजून कानात आहे माझ्या. हार नंबरप्लेटला तसाच लोंबत होता.

मी तिला उचलून टॅक्सीत घातलं, साहेब गाडीतून उतरले पण नाय. पोलीस चौकीत बसलो तर हवालदार मला बघून बोलला, अरे हा तर तोच! माझ्या आधी माझा व्हिडिओ पोचलेला तिकडं. बेबीचा जुना व्हिडिओ कोणीतरी परत टाकला, खाली लिहिलं, हात सोडून गाडी चालवणाऱ्यानं फूलवालीला चिरडलं. मी सांगतोय, अहो तो जुना आहे, त्यात माझा शर्ट बघा, आज कुठला आहे बघा. कोण बघतो शर्ट!

आणि मग जे सुरू झालं ना, काय सांगू तुम्हाला. विजेच्या गाडीवाल्यांचा एक कळप, ते बोलतात गाडी निर्दोष, ड्रायव्हर देव देव करत होता, असल्या अडाण्यांना गाडी देऊच नका. दुसरा कळप बोलतो ह्या गाड्याच सैतान आहेत, बंदी घाला. तिसरे आले, ते बोलले हात जोडणाऱ्याला मुद्दाम बदनाम करतायत, हे आमच्या धर्मावर आहे, आणि माझा सत्कार करायला निघाले, मला! एकानं लिहिलं ह्याला त्याच गाडीखाली घाला आणि विचारा आता चालवणारा कोण. त्याला हसायचे शिक्के किती पडले माहीत आहे? कोणीतरी मावशीच्या फोटोला हार घालून भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली, ती बिचारी तिकडं हॉस्पिटलात जिवंत, पाय कापून पडलेली, तिच्या सुनेला लोक सांत्वनाचे फोन करतायत. कोणालाच मावशीचं पडलं नव्हतं, माझं तर सोडाच. ज्या मंडळानं शाल दिली त्यांनी मला ग्रुपमधून काढलं. शाल परत नाय मागितली, एवढेच उपकार. सुलभा भाजी आणायला खाली उतरायची बंद झाली, आमच्याच चाळीतली पोरं तिला बघून वर बोट करायची.

साहेबांनी जबाब दिला की ड्रायव्हरला हात सोडायची सवय आहे, मी वारंवार ताकीद दिली होती. वारंवार! त्यांनी त्या दिवशी मोबाईलवर जे काढलं त्यात माझे हात दिसतात, माझं ओरडणं ऐकू येतं, ते त्यांनी पुसलं. साहेबांना मी विचारलं तर बोलले, कुठला व्हिडिओ? गाडीच्या कंपनीचा माणूस आला, सुटाबुटातला, तो बोलला गाडी शेवटी ड्रायव्हरच्या जबाबदारीवर असते. म्हणजे चांगलं चाललं की गाडी हुशार, आणि माणूस मेला की ड्रायव्हर.

पण मी घाबरलो नव्हतो, देवाशपथ सांगतो. कारण मावशीनं बघितलं होतं. वाकायच्या आधी माझ्याकडे बघून हसली होती ती, काचेतून माझे हात तिला समोर दिसत होते. सुलभाला मी रोज बोलायचो, मावशी शुद्धीवर येऊ दे, मावशी बोलली की सगळ्यांची थोबाडं बंद.

मावशी बोलली. दिगूनं हात जोडले होते, डोळे पण मिटले होते, असा जबाब दिला तिनं. कोणीतरी तिचा पण व्हिडिओ काढून टाकला, पलंगावर बसलेली, डोक्यावर पदर.

मी गेलो हॉस्पिटलात. मोठं हॉस्पिटल, एसी रूम, साहेबांनीच ठेवलेलं. वॉचमन आत सोडेना, मग मला ओळखून बोलला, काका, एकदा तो डायलॉग मारा ना, सोडतो. मारला. वर बोट करून मारला, त्यानं मोबाईलवर काढला आणि दार उघडलं. आत मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी बोललो, मावशी, तू बघितलेस ना माझे हात? ती बोलली, बघितले. मग? ती माझ्याकडे वळली आणि बोलली, साहेब मला पाय बसवून देणार, बाहेरदेशातला, आणि टॉवरच्या गेटाला पक्का गाळा. तू काय देणार? मी बोललो, मावशी, माझं लायसन गेलं, माझ्यावर केस, माझा बाप आणि तुझा नवरा एका ताटात जेवलेत गं. तर बोलते, तुझे दोन पाय शाबूत आहेत रे बाबा, तू कुठं पण चालत जाशील, मी कुठं जाऊ? आणि तोंड फिरवून बोलली, तूच बोलतोस ना, चालवणारा तो, मग त्यालाच जाऊन विचार. चपराक मारली असती तर बरं वाटलं असतं मला.

केस चालू आहे अजून, तारखा पडतात. हे लिहा तुम्ही, नाव घालून लिहा, मी आता कोणाच्या बापाला घाबरत नाय. आमची चाळ पाडून नवीन बिल्डिंग बांधतायत, तिथं पत्र्याच्या केबिनमध्ये मी वॉचमन आहे. ज्याला गाडी सोडून काय येत नाय त्यानं दुसरं काय करायचं? ट्रक आत घ्यायला हात दाखवतो तेवढंच माझं ड्रायव्हिंग. दत्ताकडे जात नाय. चुकून गेलो त्या बाजूला तर दोन्ही हात खिशात. सुलभा बोलते, देवावर कशाला राग? मी बोलतो, देवावर नाय गं, हाताची भीती वाटते.

मावशीला गाळा मिळाला, पाय पण मिळाला. तिचं घर आमच्या साईटच्या मागं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ती माझ्या केबिनसमोरून जाते. त्या गाडीला आवाज नव्हता, मावशीच्या पायाला आहे. टक, टक, लांबून ऐकू येतो. केबिनसमोर आली की आवाज हळू होतो, थांबते थोडं, मी मान वर करत नाय, मग परत टक टक. एका गुरुवारी माझ्या टेबलावर हार ठेवून गेली. मी तसाच सुकू दिला.

लोक बोलतात शाप दे तिला. मी कशाला शाप देऊ? देवानं तिला शंभर वर्षं आयुष्य द्यावं, तो पाय कधी मोडू नये, आणि रोज, न चुकता, तिला माझ्या समोरून चालत जायला लागावं.