केरबाची पाळी

कराडच्या मोटारस्टँडवर नवे मास्तर बसले होते. शेजारच्या दोन बायांच्या तोंडी आपल्या बदलीच्या गावाचं नाव आलं, तसे त्यांनी कान टवकारले.

“शाळा गावानंच बांधली. घरटी एक गडी.”

“चंद्राबाईचा केरबा तर लढाईवर व्हता?”

“व्हय. पर तिच्या घरची पाळी आली अन् केरबा हजर! वर्दीतच. दिसभर दगडं रचली, पानीसुदीक पेला न्हाई. सांजच्याला गेला, त्यो गेलाच.”

“मंग?”

“मागनं खबर आली. पाळीच्या म्हैनाभर आदीच ब्रह्मदेशात मेला व्हता.”

“आगं बया! भिंत पाडली?”

“पाडतील कशी? चंद्राबाई सारवती तिला. पोरं तिलाच टेकून बसत्यात. थंडीत ऊब लागती म्हनं.”

मोटार आली. मास्तर घटकाभर बसूनच राहिले, मग ट्रंक उचलून आत चढले.