नवरदेव नसलेली वरात

अरे भावा, आमच्या प्राचीचं ऐकलंस का? माझी बुटकी बहीण रे! मोशीच्या तिच्या शाळेत चित्रकलेत हुशार पोरांसाठी आठवीपासून वेगळा वर्ग काढलाय, त्याची परीक्षा होती. विषय लग्नाची वरात. हिच्या चित्रात नुसत्या लोकांच्या पाठी, घामानं चिकटलेले शर्ट आणि घोड्याची शेपटी! म्हटलं, गेली ॲडमिशन.

सर चित्र बघून म्हणाले, "अगं, नवरदेव कुठंय?"

"पुढं असेल की सर! मला वरातीत एवढंच दिसतं."

सर तिच्याशेजारी उकिडवे बसले, तिथून दारात थांबलेल्या आम्हा घरच्यांच्या गर्दीकडं बघितलं आणि हसतच सुटले. "खरंय गं! पहिला नंबर हिचाच!"

मी असली शिट्टी मारली राव, वॉचमननं मला गेटबाहेर काढलं. मग रस्त्यावर नाचलो!