टेबलावर दोन रोट्या

—अरे, मग बस की! उभ्याउभ्या कसली चौकशी करतोस? बूट राहू देत, ही फरशी तुझ्याआधी दोन फौजांनी तुडवलीय. वर्दीतला असलास तरी आपला ओसेतियाचाच ना तू — कुणाचा म्हणालास? दुदारचा नातू? अगं बाई! तुझे आजोबा याच टेबलाशी बसून माझ्या सासऱ्यांशी भांडायचे. घे, रोटी मोड, आतलं चीज गरम आहे अजून. काय विचारत होतास — हा मुलूख कुणाचा, असं मला वाटतं? मला विचारतोस होय! मी लग्न होऊन आले तेव्हा आपण जॉर्जियातला स्वायत्त प्रांत होतो. मग तिकडच्या जॉर्जियनांनी स्वायत्तताच मोडीत काढली. मग आपण म्हणालो, आम्ही वेगळा देश. जग म्हणतं, कसला देश नि कसलं काय. राज्यं आली नि गेली, भांडी मात्र मीच घासली. मग ती सरहद्दीची काटेरी तार आली — आमच्या सफरचंदाच्या बागेतून! अर्धी झाडं इकडं, अर्धी तिकडं. माझी धाकटी बहीण रोझेता तिकडंच दिलेली, जॉर्जियनाच्या घरात. पूर्वी मीठ संपलं तरी ओढा ओलांडून तिच्याकडं जायचे मी. आता ये-जा करायचा नाकाही बंद केलात तुम्ही. खा ना. का थांबलास?

काय मोजतोस? दोन… हां, दोनच आहेत. ठाऊक आहे रे मला — तीन रोट्या आनंदाच्या, दोन मेल्या माणसाच्या — मला शिकवतोस? पीठ संपलं म्हणून दोन. डबा? हो, भरलेला दिसतोय खरा… बरं, स्वप्न पडलं. रोझेता गेल्याचं. हसतोस काय, बायकांना पडतात अशी स्वप्नं! नाहीतर असं धर — कुणीतरी तारेपलीकडून ओरडून सांगितलं. काय? आठवडाभर तुमचाच पहारा तारेवर? चिटपाखरू फिरकलं नाही? मग फोन — नाही लागत, माहितीय, नाही लागत तिकडं.

तुझी गाडी वळणावर दिसली तेव्हा तिसरी लाटायला हवी होती. सुचलं होतं मला, देवाशपथ सुचलं होतं! पण बहीण मेलीय रे माझी. तिच्या सुतकात आनंदाची रोटी थापायला हात धजेना. आणि तुला वाढलं तेव्हा तू पोलीस आहेस हे डोक्यातच नव्हतं — दारात माणूस आला, मेलेल्याच्या नावानं दोन घास द्यावेत, एवढंच.

हो, इनालनं सांगितलं. माझ्या मुलानं. मावशीला हृदयाच्या गोळ्या द्यायला गेला होता — गोळ्या म्हणजे औषध, बंदुकीतल्या नव्हेत! पोचेपर्यंत ती गेलेली. परत येऊन मला सांगितलं नि आज पुन्हा तिकडं तिच्या मातीला गेलाय. माहेरचा एक तरी खांदा नको का तिला? हेर? माझा इनाल हेर? अरे, त्याला पत्त्यातसुद्धा लबाडी जमत नाही! तिकडचे म्हणतात ही सरहद्दच नव्हे, तुम्ही म्हणता सरहद्द — मग त्यानं ओलांडलं तरी काय, सांग ना! तुम्हा लोकांचा वाद काही मिटत नाही, तुरुंग मात्र खरा असतो. शेजारणीचा पोरगा गेला तो अजून आला नाही.

का उठलास? खिडकीशी काय आहे? आत्ता येईल असं कुठं म्हणाले मी? उद्या येईल. परवा. तो वायरलेस खाली ठेव. कुणाला सांगतोयस? बागेत कोण उभं आहे? किती जण आणलेस? हे बघ, मी पाया पडते तुझ्या, मला ने, मला घाल आत, मीच धाडलं त्याला —

ते ओढ्यात कोण उतरतंय? नाही, तो नव्हे. तो शेजारचा म्हातारा आहे, सांगते ना, म्हातारा आहे! सोड हात माझा. सोड! इनाल! मागं फिर, इनाल, पळ —