खोक्याखालचा कलांचो

हॅलो?… हं, बोल चिमे… नाही गं, कसलं काम, कलांचोची पानं मोजत बसलेय… एक्केचाळीस. मागच्या रविवारी अडतीस होती… कळी? कळी एकही नाही. शेंड्याला काहीतरी टोक दिसलं, मला वाटलं आली. भिंग आणून बघितलं. पानच निघालं.

हसू नकोस. तुझ्या मागे कोण ओरडतंय?… नर्सरीत? ऑफिसातून परस्पर?… गुलाबी फुलाचं. घरात ठेवायचं. बरं, कोणाला द्यायचंय?

…बाबांना.

अच्छा.

नाही, कुठे काय. छान आहे की. पांढरं घेऊच नकोस, त्यांना भिंतीत मिसळल्यासारखं दिसेल… हो ना, गडद तेवढंच ओळखतात आता. मग गडद गुलाबीच बघ. कुठल्या खिडकीत ठेवणार?… त्यांच्या खोलीत? अगं, समोर ती भिंत. किती लांब आहे?… अंदाजे नको. नीट आठवून सांग… काय? काठी बाहेर काढली की टेकते? कोणाची काठी?… बाबा खिडकीतून काठी बाहेर काढून समोरच्या भिंतीला टेकवतात? कशाला?

…वेळ जात नाही म्हणून.

हं.

ऐक, दुपारी बारा वाजता तिथे कोऱ्या कागदावर हात धर, वीतभर उंच. सावलीत बोटं वेगवेगळी दिसली तर फुलझाड जगेल. नुसता डाग दिसला तर… डाग? केलंयस तू आधीच? मग मला विचारतेस कशाला?

बरं बरं, चिडू नकोस. सांग, काय काय आहे समोर… आफ्रिकन व्हायोलेट. नको. गोड दिसतं, पण पानांवर गार पाणी पडलं की चट्टे उठतात, आणि बाबा वरून पेला ओतणार… ऑर्किड? फुलं दोन-तीन महिने टिकतील, मग नुसत्या मुळ्या. बाबा तुला रोज विचारतील, हे मेलं का… अँथुरियम चालेल एक वेळ. कमी उजेडात तग धरतं. फुलायचं मात्र नाही. आणि ते गुलाबी म्हणजे फूल नव्हेच मुळी, ते पान असतं, फूल म्हणजे मधला तो दांडा… हो, त्यांना काय फरक पडणार. मला पडतो.

नर्सरीवाला काय म्हणतो?… "कुठेही ठेवा, काहीही होत नाही." अगदी खरं आहे. माझ्याकडे तीन वर्षं काहीही होत नाहीये.

कुठलं?… कलांचो? गुलाबी? भरलंय फुलांनी?

नको. ते नको घेऊस.

अगं, कारण ते तिथे त्यांनी अंधारात वाढवलेलं असतं! त्याला कळी धरायला रोज चौदा तास सलग काळोख लागतो, सहा आठवडे. मध्ये कोणी दिवा लावला की सगळं पहिल्यापासून… नाही, थोडासासुद्धा नाही.

हो. माहीत आहे मला.

हो, पहिल्यापासून माहीत होतं, वनस्पतिशास्त्र काय तू शिकलीस? पण आधी माती बदलून बघितली. मग कुंडी. मग खत, पोटॅश जास्त असलेलं. वहीत सगळं लिहून ठेवलंय, तारखेसकट… दिव्याचं? दिव्याचं नाही लिहिलं.

कारण दिवा भाऊजींचा आहे.

अगं, दीर. कितीदा सांगू? पंधरा दिवसांसाठी आले होते. ज्या आठवड्यात मी हे झाड आणलं त्याच आठवड्यात. झाड तेव्हा फुललेलं होतं. हॉलमध्ये दिवाण, दिवाणाशेजारी खिडकी, खिडकीत झाड आणि झाडाच्या डोक्यावर भाऊजींचा दिवा, रात्री एकपर्यंत. मोबाइलवर बुद्धिबळ खेळतात. कोणाशी तरी… नाही, कधी जिंकल्याचं ऐकलं नाही.

दुसऱ्या खोलीत कुठे ठेवू? ऊन येतं ती हीच एक खिडकी.

अगं, नुसतं मला वाटतंय असं नाही, पुरावा आहे. आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी याचीच एक फांदी नेली होती. कोठीघराच्या खिडकीत लावली, चहाच्या कपात, कान तुटलेल्या. पाच वाजता प्रयोगशाळा बंद, दिवे बंद. गुलाबी नुसतं! काल मला म्हणाले, मॅडम, तुम्ही जरा जास्तच लक्ष देता वाटतं.

हस. हस तू.

…केला ना उपाय! खोका आणलाय. पंख्याचा, मोठा. सहा वाजले की झाडावर पालथा घालायचा, सकाळी आठला काढायचा. सव्वा महिना झाला… मग? मग काय, मी आत वळले की भाऊजी उचलतात. प्रेमाने हं. "वहिनी, बिचाऱ्याचा श्वास कोंडतो." वर उरलेला चहा घालतात, ताकद यावी म्हणून. बारीक माश्या झाल्यात.

हो चिमे, माणसाला सांगायच्या ऐवजी झाडावर खोका घातला मी. मला दिसतंय ते. तू म्हणायची गरज नाही.

ह्यांना? ह्यांना किती वेळा म्हटलं. हे म्हणतात, तू सांग, तुझं ऐकेल तो. मी म्हणते, भाऊ तुमचा. मग हे पेपर उघडतात. सकाळचाच, वाचलेला… नाही गं, वाईट नाहीत भाऊजी, तेच तर अवघड आहे. वाईट असते तर दुसऱ्याच दिवशी सांगितलं असतं. नोकरी आहे, पगार आहे, जागा बघतोय म्हणतात. तीन वर्षं बघतायत.

काय?… काही सांगायचंय?

बोल ना.

…काय विचारतात बाबा?

पुन्हा सांग. नर्सरीवाल्याला म्हणावं जरा थांब… "ताईच्या झाडाला फूल आलं का." रोज?

अगं, मी आपलं बोलले होते. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, दवाखान्यात. म्हणाले होते, फूल आलं की तुम्हाला आमच्याकडे न्यायला येते, तळमजला आहे, खुर्ची टाकून अंगणात बसा… पाच महिने झाले? पाच. हो. अडुसष्ट पायऱ्या आहेत तुझ्याकडे, माहीत आहे मला. मीच मोजल्यात. त्या दिवशी वर चढवल्यापासून ते खाली उतरलेच नाहीत?… एकदाही नाही.

मला म्हणाली का नाहीस?

…मी कामात असते. हो. पानं मोजते.

थांब, थांब, म्हणजे हे झाड तू… काय सांगणार होतीस त्यांना?… "ताईने पाठवलंय. तिच्या झाडाला फूल आलं, तुम्हाला यायला नको म्हणून इकडेच पाठवलं."

म्हणजे ते विचारायचे थांबतील.

नाही, राग नाही आला. डोकं चांगलं चालवलंस. माझंच चुकलं, वचन कशावर टांगलं तर या झाडावर. फूल येणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी भिंग घेऊन बसते रोज… रडत नाहीये. सर्दी आहे.

किती वाजले? सहाला दोन कमी. थांब हं, खोका घालून येते, फोन ठेवू नकोस…

हं. घातला. नर्सरी किती वाजता बंद होते?… मग वेळ आहे. तसं अँथुरियम बघ एखादं, गडद गुलाबी… नाही, थांब. घेऊ नकोस. मला वाटतं… मला काय वाटतं ते मी… एक मिनिट. भाऊजी आले.

"हो भाऊजी, धाकटीचा फोन आहे."

…सांगतायत, नमस्कार सांगा. चिमे, खोक्याकडे चालले बघ. हातात कप आहे. उचलला.

नाही, तू ठेवू नकोस. तू लाइनवर राहा. तू ऐकतेयस म्हटल्यावर मला मागे फिरता येणार नाही. आणि ते हातातलं झाड खाली ठेव… हो, फुललंय ना, फुलू दे तिथेच.

"भाऊजी, जरा बसता का?… नाही, चहा नको. चहा झाडालाही नको… हो, श्वास कोंडतो, कळतंय मला. माझाही कोंडतो. ऐका. पुढच्या रविवारी माझे बाबा इथे राहायला येतायत. या खोलीत, या दिवाणावर… नाही, चार दिवस नाही, कायमचे. तुम्ही शनिवारपर्यंत दुसरीकडे राहायला जा… नाही, ह्यांना विचारायचं नाहीये. मी सांगतेय.

आणि तो खोका ठेवा तुमच्याकडे. सामान भरायला होईल."