उपाशी गोगलगायी

आटपाट धरमपेठ होतं. तिथं मी, आमचे हे आणि लग्नाची लेक सुमन राहत होतो. एकदा यांनी काचेची मोठी पेटी आणली. पारशिवनीच्या तळ्यातून निवडून निवडून गोगलगायी अन् बारीक झिंगे आणून तिच्यात सोडले. म्हणाले, "हे शेवाळ खातील, पाणी साफ ठेवतील. कोणी दाणा टाकायचा नाही."

दोन महिन्यांनी सुमनला पाहायला पाहुणे आले. मुलाच्या आईनं पेटीकडे बोट केलं, "भाऊजी, हे जीव काय खातात?"

हे छाती फुगवून म्हणाले, "आम्ही काहीच देत नाही. आपलं आपण भागवतात."

बाईंनी पोह्यांची बशी खालीच ठेवली. "घरच्या जीवाले घास नाही, तर जावयाले काय देतील? चाल गा, ऊठ!" त्या मुलाला म्हणाल्या.

सुमनचं तोंड उतरलं. मला राहवलं नाही. "बसा बाई. मी रोज यांच्या चोरून भात टाकते."

"काहून वं?" हे ओरडले.

"आपण जेवायचं अन् त्यांनी पाहत बसायचं?"

"बाबा, मी पोळी टाकते," सुमनही हळूच बोलली.

यांनी कपाळाला हात लावला. "अन् मी साऱ्या धरमपेठेले सांगून राहिलो का शेवाळावर जगतात म्हणून!"

बाईंनी काचेला नाक लावलं. आत लिंबाएवढी गोगलगाय ढिम्म बसली होती. बाईंनी पोह्यांची बशी परत उचलली.

"तारीख काढा," त्या म्हणाल्या. "या घरी माझा पोरगा सुकत नाही."