थरथर पात्यांचीच आहे

— नाही, सुजय, कॅमेऱ्याला हात लावू नकोस, दोष पात्यांचाच आहे. मराठी माणसाचं दुकान म्हणून तर फरीदाबादच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिक्षाने येते — आमच्या खालचा मोबाइलवाला म्हणाला, आंटीजी, ये खिलौना है, फेंक दो. खिलौना! आमचा मुलगा, अंशुमन, कॅनडाला जाताना ठेवून गेलाय हा ड्रोन. त्याच्याच चिठ्ठीवरून उडवायला शिकले मी, अडुसष्टाव्या वर्षी.

कशाला उडवते? अरे, गच्चीवरची टाकी भरली का ते बघायला. बरं, टाकी बघून परतताना समोरच्या टॉवरची सातव्या मजल्यावरची गॅलरी वाटेत लागते, त्याला मी काय करू? तिथे आमचे हे राहतात. हसू नकोस. आमचाच फ्लॅट आहे, अंशुमनसाठी घेतलेला. जानेवारीत पानिपतला गेलो होतो, ब्लँकेट घ्यायला — इथले सगळेच जातात — आणि दुकानात, चार लोकांदेखत, हे म्हणाले, तुझ्या सोलापूरच्या चादरीपेक्षा हे बरं, निदान ऊब तरी लागते. माझ्या माहेरची चादर! झालं, तिथेच आमचं पानिपत झालं. ते ब्लँकेट घेऊन हे समोर राहायला गेले ते गेलेच. आठ महिने अबोला आहे. पण अबोला म्हणजे बघायचंही नाही असं थोडंच आहे? सकाळी सातला चहा घेऊन बसतात — साखर तीन चमचे, डायबेटिस असून! ड्रोन दिसला की पेपर हलवून हाकलतात, 'चलो, भागो यहाँ से' — आवाज येत नाही, पण ओठांवरून कळतं. ड्रोनशी हिंदीत बोलतात! बाहेरचा ना तो, बाहेर आपण हिंदीच बोलतो. एका अर्थी बरंच आहे म्हणा, मराठीत बोलले असते तर अबोला मोडला असता.

तर महिनाभर चित्र थरथरतंय. म्हटलं, पात्यांना चिरा गेल्यात. भारीतली नवी मागवली, स्वतः बसवली, चारही एकाच दिशेला फिरणारी — मग? प्रदक्षिणा कधी उलटी घालतात का? उडाल्या उडाल्या ड्रोन कोलांटी खाऊन तुळशीत पडला. सोमवारी तूच दोन उलटी, दोन सुलटी करून दिलीस, मान्य. पण हे बघ, आजचं शूटिंग — थरथरतंय की नाही?

काय? कठडा? हो, कठडा स्थिर आहे. पेपरची अक्षरंसुद्धा वाचता येतायत, बिल्कुल. कप टेबलावर आहे — हो, स्थिर. आता उचलला — थांब. मागे घे. परत दाखव. नको, दाखवू नकोस.

त्यांच्या वडिलांना असाच कंप होता. शेवटी घास तोंडापर्यंत जायचा नाही, मी भरवायचे. म्हणून रे, सुजय — भीती वाटते मला. म्हणून म्हटलं पाती बदलू, पात्यांचंच निघेल.

तू जुनी पाती टाकली नाहीस ना? मग तीच बसव. हो, चिरा गेलेली. त्यांच्यात सगळंच हलायचं — कठडा, पेपर, कप, सगळं. काही कळायचं नाही.

काय म्हणालास? जाऊन विचारू? अरे, पण मला मराठीतच विचारावं लागेल ना.

बसव तू. असा बघू नकोस माझ्याकडे. जुनीच बसव.